रुलीन बाईंना आलेली धमकी

बुधवारी दुपारी शाळा लवकर सुटते आणि गावातली पोरं पोहायला नाहीतर फुटबॉल खेळायला पळतात. आठव्या गटातल्या मुली मात्र त्या वर्षी बुधवारी दुपारीसुद्धा शाळेतच अडकलेल्या असत. रुलीन बाईंनी तसा फतवाच काढला होता. आठवा गट म्हणजे प्राथमिक शाळेचं शेवटचं वर्ष. सुट्टीनंतर या पोरी मोठ्या शाळेत जाणार, प्रत्येकीच्या खिशात फोन असणार, आणि बाईंचं म्हणणं असं की रस्त्यावर सायकल चालवायची आपण परीक्षा घेतो, मग फोनची का नको? म्हणून वाचनालयाच्या कोपऱ्यात गोल करून बसायचं आणि तासभर फोनविषयी बोलायचं. मुलींनी त्याला 'बाईंचं कीर्तन' असं काहीतरी आपल्या भाषेतलं नाव ठेवलं होतं, पण बाई ज्येष्ठमधाच्या खारट गोळ्या वाटत असल्यामुळे हजेरी चांगली असे.

आठव्या गटातल्या लोबकेनं त्या बुधवारी गोळी न खाता खिशात टाकली. सकाळपासून तिच्या डोक्यात एकच नाव होतं, स्टॉर्म.

स्टॉर्म तिला एका खेळाच्या ॲपवर भेटला होता. फोटोच्या जागी तपकिरी घोडा, वय तेरा, राहणार झ्वोले शहर. निदान तो तसं म्हणायचा. लोबके नकला करण्यात एक नंबर. हेडमास्तर खेर्बेन सरांचा खोकला, पाववाल्या काकूंचं नाकातलं बोलणं, स्वतःच्या बाबांचं मोजे शोधणं, सगळं तिला जमायचं. घरी जेवताना "पुरे आता, लोबके," याच्यापलीकडे दाद मिळत नसे. स्टॉर्म मात्र प्रत्येक नकलेला हसून लोळायचा. मग काय, बाईसाहेबांना चेव आला आणि एके दिवशी तिनं इम्केच्या नकलेचा व्हिडिओ पाठवला.

इम्के तिची पाळणाघरापासूनची मैत्रीण. दोघींची घरं धरणाच्या रस्त्यावर शेजारी शेजारी, सायकली एका रंगाच्या, शाळेच्या शेवटच्या शिबिरातला तंबूसुद्धा दोघींनी वर्षभर आधी ठरवून ठेवलेला. इम्केच्या दातांना नुकतीच तार बसवली होती आणि वर्षअखेरीच्या संगीत नाटकात तिला राणीचं काम मिळालं होतं. तारेमुळे बोलताना थुंकी उडायची आणि राणीला बोलायचं होतं पुष्कळ. लोबकेनं चॉकलेटचा चंदेरी कागद दातांवर बसवला, आरशासमोर उभी राहिली आणि राणीचं सगळं भाषण अशा काही तुषारांसकट म्हटलं की शेवटी आरसा पुसावा लागला. नक्कल अव्वल झाली होती, हीच तर पंचाईत.

कारण पुढच्याच आठवड्यात स्टॉर्मनं विचारलं, तुझं घर कुठल्या रस्त्यावर? लोबकेनं टाळाटाळ केली. तेव्हा त्यानं लिहिलं, "ती नक्कल इम्केला पाठवू का? तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकू का? तुझ्या हातात आहे." इम्केचं नाव लोबकेनंच सांगितलेलं. शाळेचं नाव नक्कल करताना घातलेल्या स्वेटरवर छापलेलं. तिनं रस्ता सांगून टाकला. आता त्याला घराचा नंबर हवा होता आणि दुपारी घरी कोण कोण नसतं तेही. शुक्रवार संध्याकाळपर्यंत.

लोबके काही खुळी नव्हती. असला नंबर द्यायचा नसतो हे तिला कळत होतं. पण न द्यावा तर इम्के जाणार, आणि इम्केशिवाय तो तंबू, ती मोठी शाळा, तो रोजचा धरणावरचा रस्ता, हे तिला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं. बारा वर्षं पुरी व्हायच्या आत तिला आयुष्यातली पहिली खरी भीती वाटत होती आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

"आपल्याकडे खिडक्यांना पडदे लावत नाहीत," बाई सांगत होत्या. "का? कारण रस्त्यानं जाणारा माणूस मान वळवून आत बघत नाही. ते बरं दिसत नाही. तुम्हाला वाटतं नेटवरपण तसंच असेल. तिथे मान वळवायलाच माणसं आलेली असतात, पोरींनो."

लोबकेनं हात वर केला. "बाई, समजा कुणी धमकी दिली तर?"

"कसली?"

"समजा... तुमचं काहीतरी सगळ्यांना सांगेन अशी."

"तर त्याला द्यायचं काही नाही," बाई बोटांवर मोजत म्हणाल्या. "त्यानं लिहिलेलं पुसायचं नाही, तसंच ठेवायचं. मोठ्या माणसाला दाखवायचं. आणि ज्याची भीती घातलीय ते आपणच आधी बोलून टाकायचं. मग त्याच्या हातात काय उरलं? घंटा."

"तुम्ही टाकाल बोलून?"

"टाकेन की."

हे त्या इतक्या झटकन म्हणाल्या की लोबकेला रागच आला. मोठ्या माणसांना सगळं कसं सोपं असतं. पावाला लोणी लावावं तसं उत्तर दिलं आणि गोळ्यांची पिशवी पुढे केली.

तेवढ्यात नायलानं आगीत तेल ओतलं. नायला वर्गातली सगळ्यात चौकस मुलगी. तिच्या तोंडून पूर्णविराम क्वचितच निघे. "बाई, तुमच्याबद्दल नेटवर काय काय सापडेल?"

"काही नाही," बाई ऐटीत म्हणाल्या. "शोधा बघू. माझा वाढदिवस शोधून दाखवा. कुणाला विचारायचं नाही, कुणाचा पासवर्ड लावून बघायचा नाही, उघड्यावर दिसेल तेवढंच. सापडला तर ही अख्खी पिशवी तुमची."

शाळेत बाईंचा वाढदिवस कुणालाच ठाऊक नव्हता. सगळ्या शिक्षकांचे वाढदिवस मिळून एकाच दिवशी साजरे होतात, त्यात त्यांचाही उरकला जाई. आणि तो लपवायला त्यांना सबळ कारण होतं. माणूस पन्नाशीला पोचला की त्याच्या अंगणात बाहुला उभा करायचा, पुरुषाचा आब्राहाम आणि बाईची सारा, माणसाएवढा, गवत भरलेला, जुनेपुराणे कपडे घातलेला, आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं पोट धरून हसायचं. दोन वर्षांपूर्वी खेर्बेन सर पन्नास वर्षांचे झाले तेव्हा रुलीन बाईंनी सरांच्या बायकोला फितवून सरांचाच बाथरोब पळवला, तो आब्राहामाला घातला आणि त्याला शाळेच्या सायकलींच्या छपरावर कमोडवर बसवून दिलं. हातात सरांचं लाडकं वर्तमानपत्र. गावाच्या बातमीपत्रात फोटो आला. सर तेव्हापासून म्हणत होते, "रुलीन, तुझी सारा मी जातीनं बनवणार." आणि बाई म्हणत, "अजून बराच अवकाश आहे." केस रंगवलेले, हिवाळ्यात कालव्यावर पोरांच्या बरोबरीनं स्केटिंग करणारी बाई; सगळ्यांचा विश्वास बसला होता.

लोबकेच्या डोक्यात त्या क्षणी जे आलं ते काही फार सज्जनपणाचं नव्हतं. बाईंचं गुपित हाती आलं तर त्यांनाच धमकी देऊन बघायची. टाकतात का बोलून, की नुसतंच आम्हाला सांगतात?

कटाचं काम नायलाच्या घरी करायचं हे न बोलता ठरलेलं असे. इम्केकडे चहाबरोबर एक बिस्कीट मिळतं आणि डबा बंद होतो. नायलाच्या आईला ताट रिकामं दिसलेलं खपत नाही. तिघी पलंगावर पालथ्या पडल्या, मधे तिळाच्या वड्यांची ताटली आणि नायलाचा लॅपटॉप.

बाईंचं खातं कडीकुलपात होतं. एक स्केटिंगचा फोटो, तोही पाठमोरा.

"पाठ बघून वय कळतं का?" इम्के म्हणाली.

"आडनाव शोध," लोबके म्हणाली. "होफस्टेंगे कितीसे असणार?"

फार नव्हतेच. एक जण डुकरं पाळणारा, एक न्हावी, आणि एक वोब्बीन होफस्टेंगे, जिचं खातं सताड उघडं. सकाळची कॉफी, मांजर, गुडघ्याचं ऑपरेशन, परत मांजर. मग एक बातमी: आमचं घर विकायला काढलंय, सगळ्यांना पाठवा. त्याखाली चक्क रुलीन बाईंनी लिहिलेलं: "ताई, त्या स्वयंपाकघरात आता दुसरं कोण भाजी करपवणार?"

"बहीण," नायला पुटपुटली. "बाईंनी स्वतः कुलूप लावलं आणि बहिणीनं भिंतच पाडली."

घराच्या फोटोंवर तिघी तुटून पडल्या. दलालाच्या फोटोग्राफरनं आपलं काम चोख केलं होतं. उशा फुगवल्या होत्या, चपला लपवल्या होत्या, टेबलावर कुणी कधी खाणार नाही अशी लिंबं रचली होती. बैठकीची खोली, झोपायची खोली, न्हाणीघर, आणि संडास. घर विकायचं तर संडास दाखवावाच लागतो. आणि संडासात, बसलेल्या माणसाच्या बरोबर नजरेसमोर, वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं. ते प्रत्येकच घरात असतं. कुणाचा वाढदिवस विसरला म्हणजे नातंच संपलं, म्हणून दिवसातून चार वेळा नजरेखालून जाईल अशा जागी ते लावायचं. इतकं रोजचं की फोटोग्राफरला ते दिसलंच नसणार. पान होतं जूनचं.

नायलानं फोटो मोठा केला. अक्षरं फुटली, परत जुळली. बाविसाव्या दिवसापुढे निळ्या पेनानं लिहिलं होतं, रुलीन, १९७५.

"म्हणजे या रविवारी," इम्के म्हणाली.

"म्हणजे पन्नास," लोबके म्हणाली.

मग तिघी अशा खिदळल्या की खालून नायलाच्या आईनं छतावर झाडू ठोकला. इम्केला हसताना आवरेना, पडद्यावर थुंकी उडाली. तिनं बाहीनं पुसली. "सॉरी. ही मेली तार," ती म्हणाली आणि पुन्हा हसली. लोबकेचं हसू मात्र तिथंच थांबलं. तिनं वडी उचलली आणि उगाचच चघळत बसली.

पुढच्या बुधवारपर्यंत कुणाला सांगायचं नाही अशी शपथ झाली. नायलासाठी ती फार मोठी शिक्षा होती.

घरी आल्यावर लोबकेनं नवा ई-मेल पत्ता उघडला, फोटोच्या जागी एक चिडका हंस लावला आणि बाईंच्या शाळेतल्या पत्त्यावर लिहिलं: "मला माहितीये २२ जूनला काय आहे. सगळ्या शाळेला सांगू का? खेर्बेन सरांना सांगू का? शिबिरातली फोनबंदी उठवा, सगळ्यांचे फोन चालू राहू द्या. शुक्रवारपर्यंत. तुमच्या हातात आहे." लिहायला काही वेळ लागला नाही. स्टॉर्मचीच वाक्यं होती, नावं तेवढी बदलली. ही नक्कलसुद्धा आपल्याला इतकी सहज जमली याचं तिला जरा विचित्र वाटलं, पण तोवर बोट बटणावर पडलं होतं.

गुरुवारी तिनं बाईंवरची नजर हलवली नाही. बाईंनी फळ्यावर भागाकार मांडला आणि गुणाकार केला. कॉफीत दोनदा साखर घातली आणि मग प्यायलीच नाही. खेर्बेन सर दारातून डोकावून म्हणाले, "रुलीन, बरं वाटत नाही का?" बाई म्हणाल्या, "झोप झाली नाही, दुसरं काय." आणि खिडकीकडे वळल्या.

मधल्या सुट्टीत लोबके सायकलींच्या छपरामागे बुटाची नाडी बांधत बसली. नाडी बांधलेलीच होती. पलीकडे बाई फोनवर दबक्या आवाजात बोलत होत्या.

"वोब्बीन, कॅलेंडर काढ आधी. कुठलं काय विचारतेस, संडासातलं. ... हो, दिसतंय. पोरांनी वाचलंय. ... मी कशाला घाबरू? मी मुळीच घाबरलेली नाही. ... अगं, तो खेर्बेन माझी काय दशा करील तुला कल्पना आहे का?"

बोलता बोलता त्या कुणाच्या तरी सायकलची घंटा अंगठ्यानं कुरवाळत होत्या, न वाजवता. लोबकेला आधी गुदगुल्या झाल्या. धरल्या की नाही बाई. चला, मोठी माणसंही लपवतात, खोटं बोलतात, साध्या बाहुल्याला टरकतात. पण वर्गात परत जाता जाता तो आनंद कुठल्या कुठे गेला. बाईंनासुद्धा जमत नसेल तर आपण कुणाकडे जायचं? तिला एकदम रडू यायला लागलं आणि तिनं पाणी प्यायच्या निमित्तानं तोंड धुतलं.

दुपारी स्टॉर्मचा निरोप आला: "उद्या."

शुक्रवारी सकाळी बाई वर्गात आल्या त्या खेर्बेन सरांना दंडाला धरूनच. सरांच्या हातात अर्धा खाल्लेला पाव होता, वरचे चॉकलेटचे दाणे जमिनीवर सांडत होते.

"इथे उभा राहा," बाई म्हणाल्या. "आणि मी बोलत असताना मधे बोलू नकोस. मुलांनो, मला एक धमकी आली आहे. वाचून दाखवते."

त्यांनी वाचून दाखवली. अगदी हंसापासून. वर्गात मधमाश्यांसारखी कुजबूज सुरू झाली. नायलानं इम्केकडे बघितलं, इम्केनं लोबकेकडे, आणि लोबकेनं आपल्या वहीकडे.

"तर परवा रविवारी," बाई म्हणाल्या, "मी पन्नास वर्षांची होते आहे."

सर पाव चावायचे थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही पसरत गेलं ते बघून पुढच्या बाकावरची मुलंसुद्धा दबली.

"परवा?" सर म्हणाले.

"परवा. माझा पत्ता तुला माहीत आहे. काय करायचं ते कर. फक्त छपरावर चढू नकोस, कौलं जुनी आहेत."

"रुलीन," सर भारावून म्हणाले, "मला इतका आनंद मुलगा झाला तेव्हाही झाला नव्हता." आणि ते धावतच बाहेर पडले. त्यांना दोन दिवसांत खूप गवत जमवायचं होतं.

वर्ग हसून हसून शांत झाला तशा बाई टेबलाच्या कडेवर टेकल्या. "आता माझं ऐका. बुधवारी मी तुम्हाला ऐटीत सांगितलं की कुणी भीती घातली तर बोलून टाका. सोपं आहे म्हणाले. काल दिवसभर मला ते जमलं नाही. एका बाहुल्यासाठी. मी खोटं बोलले, बहिणीवर ओरडले, भागाकार चुकवला. शिबिरात फोन चालू ठेवू द्यावेत असंही मनात आलं. मग लक्षात आलं, आज फोन दिले तर उद्या हा हंस दुसरं काहीतरी मागणार. त्याचं पोट माझ्या भीतीवर भरतं. तेव्हा सोपं बिपं काही नाही. घाम फुटतो. आत्ताही फुटलाय."

बाई कुणाकडेच बघत नव्हत्या, हे लोबकेला वहीतून मान न उचलताही कळत होतं.

"हे कुणी लिहिलं ते मी शोधणार नाही. शोध लावलात, त्याच्या गोळ्याही मिळतील. पण हे मी दहादा वाचलंय. 'तुमच्या हातात आहे.' तुमच्यापैकी कुणी असं बोलत नाही. मला वाटतं, हे वाक्य लिहिणाऱ्याला आधी दुसऱ्या कुणीतरी ऐकवलेलं आहे. तसं असेल तर त्यानं माझ्याकडे यावं. आज मी चारपासून घरी केक करते आहे. दार उघडं आहे."

शाळा सुटल्यावर लोबके आणि इम्के नेहमीसारख्या धरणाच्या रस्त्याला लागल्या. वारा समोरून येत होता. नदीकाठच्या गाई एका रांगेत पाठ करून उभ्या होत्या. बरंच अंतर गेल्यावर इम्के म्हणाली, "तू लिहिलंस ना ते?"

"हो."

"का? बाईंनी तुझं काय घोडं मारलं होतं?"

लोबकेनं ब्रेक लावला. इम्के पुढे जाऊन थांबली आणि पाय टेकून मागे बघू लागली. आता "गंमत म्हणून" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. इम्केनं डोळे फिरवले असते आणि दोघी घरी गेल्या असत्या. स्टॉर्मनं दिलेली संध्याकाळ तेवढी उरली असती.

"मी तुला एक दाखवते," लोबके म्हणाली. "माझ्यावर ओरडलीस तरी चालेल, पण पूर्ण बघ."

इम्केनं फोन हातात घेतला. वाऱ्यात राणीचं भाषण तुटक ऐकू येत होतं. आरशावर तुषार उडत होते. लोबकेला ते बघवेना, तिनं गाई बघितल्या. भाषण संपलं. इम्केनं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं, आणि दुसऱ्यांदा बघतानाही तिच्या तोंडावरची रेषा हलली नाही.

"मला माहितीये थुंकी उडते ती," ती शेवटी म्हणाली. "मी रोज आरशासमोर बघते. आई म्हणते दिसत नाही, नाटकाचे सरपण म्हणतात दिसत नाही. ते खोटं बोलतात ते कळतं मला. पण मला वाटायचं, तुला खरंच दिसत नाही."

नकला करणारीला नेहमी दुसऱ्याचं बोलणं सुचतं. स्वतःचं त्या वेळी एक अक्षर सुचेना. "सॉरी" एवढंच आलं आणि तेही वाऱ्यानं नेलं.

"हे कुणाला पाठवलंस?"

लोबकेनं सांगितलं. घोडा, झ्वोले, स्वेटर, रस्ता, सगळं. इम्केनं बोटानं वर सरकवत सरकवत सगळे निरोप वाचले. वाचता वाचता तिचे डोळे बारीक झाले.

"घराचा नंबर दिलास?"

"नाही."

"देणार होतीस?"

"तू... तू बोलायची बंद झाली असतीस."

"बोलायची बंदच झालेय मी," इम्के म्हणाली. "हे शेवटचं बोलतेय. यातलं काही पुसू नकोस. त्याला उत्तर लिहू नकोस. चल."

"कुठे?"

"बाईंकडे. आणि मी तुला माफबिफ केलेलं नाही. पण तू एकटी गेलीस तर अर्ध्या वाटेतनं परत येशील. मी ओळखते तुला."

तिनं फोन लोबकेच्या हातात दिला, सायकल वळवली आणि निघाली. लोबके मागोमाग. आता वारा पाठीशी होता आणि इम्के अशी जोरात पायडल मारत होती की लोबकेला धाप लागली. खिशात फोन एकदा थरथरला. तिनं तो बाहेर काढला नाही. इम्केनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही, एक शब्द बोलली नाही. पाठ ताठ, मान ताठ. नाटकातल्या राणीलाही इतका राग आला नसेल.

पुलाजवळ डावीकडे वळायचं होतं. इम्केनं डावा हात लांब बाहेर काढला. पुढे चर्चच्या कोपऱ्यावर उजवा. मग परत डावा. शाळेत शिकवतात तसा अगदी सरळ, मागून येणाऱ्याला दिसावा असा, आणि वळण पार होईपर्यंत तसाच धरलेला. त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मागून एकटी लोबके येत होती.